परतीचे दार : उच्च शिक्षणातील लवचिक वाटा

दहावी, बारावी, मग सलग तीन किंवा चार वर्षांची पदवी आणि वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हातात प्रमाणपत्र, असा उच्च शिक्षणाचा जो सरळ रस्ता समाजाने गृहीत धरलेला आहे, तो महाराष्ट्रातल्या असंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला त्या रूपात येतच नाही. कोणाचे शिक्षण वडिलांच्या आजारपणात थांबते, कोणाचे लग्न ठरल्यावर; कोणाला बारावीचा निकाल लागताच कामाला लागावे लागते, तर कोणी आयटीआय करून कारखान्यात दहा वर्षे काढलेला असतो आणि तरीही आपल्याला अभियंता व्हायचे होते, हे विसरलेला नसतो. अशा सगळ्यांना अपवाद न मानता त्यांच्यासाठी शिक्षणव्यवस्थेची रचनाच बदलावी, हा लवचिक वाटांच्या कल्पनेचा गाभा आहे. नेहमीच्या पात्रतेशिवाय आत येण्याची सोय, आत आल्यावर विषय, संस्था किंवा वेग बदलण्याची मुभा, मध्येच थांबावे लागले तर झालेल्या शिक्षणाची लेखी पावती आणि पुन्हा परतल्यावर जिथे थांबलो तिथूनच पुढे जाण्याचा हक्क, अशा चार गोष्टी या कल्पनेत येतात. या चारांपैकी शेवटची सर्वांत अवघड आहे आणि आजच्या धोरणचर्चेत तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

सरळ रस्त्याचा हा आग्रह आला कुठून, हे समजण्यासाठी १८५७ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभे होते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या, अशी ती व्यवस्था होती. खुद्द लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये, संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही आपल्या परीक्षांना बसण्याची परवानगी देऊन ते बंधन सैल केले. आपल्याकडे मात्र महाविद्यालयातील हजेरी आणि वर्षाच्या शेवटची परीक्षा यांची सांगड दीर्घकाळ घट्ट राहिली. एखाद्या विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्याचे सबंध वर्ष वाया जाण्याचा जो कठोर प्रकार होता, त्याला ‘एटीकेटी’ने, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीने, पहिली मोठी फट पाडली. आज ती सवलत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक तत्त्व आहे, याचा विसर पडतो. जेवढे शिकून झाले तेवढे विद्यार्थ्याच्या खात्यावर राहावे आणि न झालेल्यापायी झालेले बुडू नये, हेच ते तत्त्व. पुढे आलेली श्रेयांकांची सारी व्यवस्था याच पायावर उभी आहे.

कष्टकऱ्यांनी कामाची वेळ सोडून शाळेत यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे, शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, हा विचार मात्र महाराष्ट्रात विद्यापीठाइतकाच जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळच्या वेळी ठेवले गेले. पुढच्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सुरू केलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणात रुजली. या तिन्ही प्रयत्नांत आजच्या परिभाषेतले एकही पद नव्हते. पण कोणासाठी व्यवस्था वाकवायची आहे, हे त्यांच्या कर्त्यांना नेमके ठाऊक होते. लवचिकतेच्या आजच्या चर्चेत हीच स्पष्टता पुष्कळदा हरवलेली दिसते.

वर्गाच्या भिंतीबाहेर उच्च शिक्षण नेण्याचा सरकारी प्रयत्न भारतात १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमापासून सुरू झाला. ब्रिटनमध्ये १९६९ साली राजसनद मिळालेल्या ओपन युनिव्हर्सिटीने, पूर्वीची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असल्याची अट न घालता प्रवेश देण्याचे धाडस केले आणि १९७१ पासून तिचे पहिले विद्यार्थी घरी बसून पदवीचा अभ्यास करू लागले. दूरचित्रवाणीचा वापर हे त्या प्रयोगाचे आकर्षण ठरले असले तरी त्याचे खरे बळ अन्यत्र होते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला गाळण्याऐवजी आत आल्यावर त्याला आधार द्यायचा आणि कसोटी शेवटी लावायची, हा निर्णय त्या बळाच्या मुळाशी होता. भारतात हैदराबादला १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली.

नाशिकच्या या विद्यापीठाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण लवचिक वाटांचा महाराष्ट्राने स्वतः घडवलेला सर्वांत मोठा अनुभव तोच आहे. प्रा. राम ताकवले यांच्यासारखे, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेले शिक्षणतज्ज्ञ पहिले कुलगुरू म्हणून लाभल्यामुळे, नेहमीच्या विद्यापीठाची टपालाने पाठवलेली नक्कल करायची नाही, हे तिथे प्रथमपासून ठरलेले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य स्वीकारून विद्यापीठाने मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार करवून घेतली. ही पुस्तके वाचणाऱ्याशेजारी शिक्षक नाही हे गृहीत धरून, छोटे घटक, मधूनमधून प्रश्न आणि शेवटी उत्तरांच्या खुणा अशा पद्धतीने लिहिलेली होती. चालू महाविद्यालयांच्याच इमारतींत अभ्यासकेंद्रे उघडली गेली आणि नोकरदारांना जमावे म्हणून तिथे सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे, म्हणजे शिक्षक प्रत्यक्ष भेटण्याचे तास, होऊ लागली. बारावीपर्यंत न पोचलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. तो पूर्ण केल्यावर कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीचे दार उघडत असे. याला कायद्याचा आधारही होता, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांनी, बारा वर्षांचे शालेय शिक्षण नसलेल्यांनाही वयाची २१ वर्षे पूर्ण असल्यास आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास अनौपचारिक पद्धतीने पदवी घेण्याची मुभा दिली होती.

या सोयीचा लाभ घेणाऱ्यांत शाळा सुटलेल्या गृहिणी होत्या, पोलीस शिपाई होते, एसटीचे वाहक होते, अंगणवाडी सेविका होत्या. त्यांच्यापैकी अनेकांना बढतीसाठी पदवी हवी होती आणि अनेकांना ती केवळ अपुरे राहिलेले पूर्ण करण्यासाठी हवी होती. दुसऱ्या कारणाला धोरणाच्या कागदांत कधीच जागा मिळत नाही, पण माणसाच्या आयुष्यात ते पहिल्याइतकेच खरे असते. कृषी विद्याशाखेने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. फळबाग, भाजीपाला, फुलशेती अशा विषयांच्या छोट्या पदविका एकेक करून पूर्ण करायच्या आणि त्या जोडत पदवीपर्यंत जायचे, अशी रचना तिथे केली गेली. शेतकऱ्याने एकच पदविका घेऊन थांबायचे ठरवले तरी ती त्याच्या बागेत उपयोगी पडत होती आणि पुढे जायचे ठरवले तर तीच पदवीची पहिली पायरी होत होती. थांबलेल्याच्या हातातही काहीतरी कामाचे राहील, ही काळजी त्या रचनेत घेतलेली होती, म्हणूनच ती आजच्या नव्या नियमांची पूर्वसूरी ठरते.

अर्थात मुक्त शिक्षणाच्या वाटेला प्रतिष्ठा सहजी मिळाली नाही. केंद्र सरकारने १ मार्च १९९५ च्या अधिसूचनेने, मान्यताप्राप्त दूरशिक्षणाच्या पदव्या केंद्रीय नोकऱ्यांसाठी आपोआप ग्राह्य ठरवल्या तरी ‘मुक्तची डिग्री’ हे शब्द खासगी नोकऱ्यांच्या मुलाखतीत आणि लग्नाच्या बैठकीत वेगळ्या स्वरात उच्चारले जात राहिले. या संशयाला काही ठिकाणी कारणेही होती. अभ्यासकेंद्र नावापुरते चालत असेल, संपर्कसत्रे होत नसतील आणि परीक्षेच्या वेळीच विद्यार्थी व संस्था यांची गाठ पडत असेल, तर त्या पदवीवर विश्वास कसा बसावा, हा प्रश्न रास्तच होता. पहिली पदवी न घेताच थेट पदव्युत्तर पदवी देण्याचा जो प्रकार देशातील काही विद्यापीठांत चालला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये नकार दिला आणि मुक्त विद्यापीठांनाही आयोगाचे किमान निकष बंधनकारक आहेत, हे स्पष्ट केले. तरीही एकूण आवाका पाहिला तर या वाटेचे महत्त्व नाकारता येत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४.१४ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांपैकी सुमारे ४५.७ लाख दूरशिक्षणाच्या मार्गाने शिकत होते. म्हणजे दर नऊ विद्यार्थ्यांमागे जवळपास एक.

विद्यापीठाच्या अलीकडे शाळेच्या पातळीवरही अशा आडवाटा आहेत आणि त्यांच्याशिवाय उच्च शिक्षणाचे दार पुष्कळांना दिसलेही नसते. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी भरायचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत प्रवेशपत्राइतकाच ओळखीचा आहे. शाळा सोडून काही वर्षे लोटल्यावर दहावी-बारावी ‘बाहेरून’ देण्याची हीच मुख्य सोय आहे. तिच्या जोडीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आहेत, ज्यांत एकेक विषय सवडीने सोडवता येतो.

तंत्रशिक्षणातली वाट मात्र आडवाट राहिलेली नाही, ती हमरस्ता झाली आहे. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका पूर्ण करणाऱ्याला चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. विद्यार्थी त्याला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात. हिशेब केला तर बारावी करून अभियांत्रिकीला गेलेला विद्यार्थी दहावीनंतर सहा वर्षांत पदवीधर होतो आणि पदविकेच्या वाटेने गेलेलाही सहाच वर्षांत. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेला विद्यार्थी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. त्याने पुढे दोन वर्षांत पदविका आणि तीन वर्षांत पदवी घेतली तर त्याला अवघे एक वर्ष जास्त लागते, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्या हातात नोकरी देऊ शकणारी अर्हता असते. परिचर्येतही असेच आहे. जनरल नर्सिंगची पदविका घेऊन रुग्णालयात काम करणारी परिचारिका दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमातून बी.एस्सी. नर्सिंगची पदवी मिळवू शकते.

ही वाट का चालली, याचा विचार नव्या धोरणाच्या अंमलबजावणीपूर्वी व्हायला हवा होता, तितका झालेला दिसत नाही. पहिले कारण म्हणजे पुढच्या संस्थेत प्रवेशाची जागा खरोखर उपलब्ध असते, तिची केंद्रीय प्रक्रिया ठरलेली असते आणि वेळापत्रक जाहीर होते. विद्यार्थ्याला कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही. दुसरे म्हणजे आधीच्या शिक्षणातले किती धरले जाणार, हे प्रवेशाआधीच ठाऊक असते. तिसरे, आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मधल्या टप्प्याची स्वतःची किंमत बाजारात आणि सरकारदरबारी ठरलेली आहे. कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी स्थापत्य पदविका चालते, हे गावातल्या प्रत्येक पालकाला माहीत असते. या वाटेतही खाचखळगे आहेतच. पदविकेत यंत्राशी हात बसलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या सत्रात येतो, तेव्हा पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच पुढच्या गणिताला सामोरा जातो आणि कितीतरी जण त्या एका विषयात अडकून पडतात. प्रवेशाचे दार उघडे ठेवले पण उंबरठ्याआतल्या पहिल्या सहा महिन्यांत आधार दिला नाही, की लवचिकतेचे ओझे विद्यार्थ्याच्याच खांद्यावर येते, हे या अनुभवातून दिसते.

या पार्श्वभूमीवर २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात असलेल्यांचे शेकडा प्रमाण, २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात ते २८.४ टक्के होते. इतकी झेप केवळ सरळ रस्त्याने घेता येणार नाही, हे ओळखून धोरणाने ‘अनेक प्रवेश, अनेक निर्गमन’ हे तत्त्व स्वीकारले. त्याचे एकक म्हणजे श्रेयांक किंवा रूढ शब्दांत क्रेडिट. साधारण १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक झाले की एक श्रेयांक, असा वर्गातला हिशेब असतो. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने स्वाध्याय, प्रकल्प, प्रशिक्षण वगैरे सगळे धरून शिकण्याचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक आणि १२०० तासांचे वर्ष म्हणजे ४० श्रेयांक, असे व्यापक माप ठरवले आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदवी आराखड्यानुसार ४० श्रेयांक मिळवून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, ८० श्रेयांकांनंतर पदविका, १२० नंतर तीन वर्षांची पदवी आणि १६० नंतर चार वर्षांची ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचे असेल तर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव पूर्ण करावा लागतो. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी संपवावी, अशी अपेक्षा आहे. मिळवलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या अंकीय खात्यात जमा होतात आणि विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत गेला तर तिथे वर्ग करता येतात. मात्र जी संस्था पदवी देणार, तिच्याकडूनच किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनही काही प्रमाणात श्रेयांक घेता येतात. ही कल्पना जगात नवीन नाही. दक्षिण कोरियाने १९९८ पासून श्रेयांक बँक चालवली आहे आणि तिचा मुख्य लाभार्थी महाविद्यालयात नियमित न गेलेला प्रौढ असावा, असा तिचा हेतू राहिला आहे. महाराष्ट्रात नवी रचना आधी स्वायत्त संस्थांत आणि मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली.

कागदावर ही रचना उदार आहे आणि तिचे स्वागतच व्हायला हवे, कारण वर्षानुवर्षे ‘एफ. वाय. नापास’ किंवा ‘एस. वाय.पर्यंत शिक्षण’ असे अर्धवट ओळखपत्र बाळगणाऱ्यांना तिने निदान एक दस्तऐवज देऊ केला. अडचण अशी की बाहेर पडण्याची सोय एका नियमाने होते, परतण्याची सोय मात्र दहा ठिकाणच्या दहा नियमांवर अवलंबून असते. पहिल्या वर्षानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे काय करायचे, याचे उत्तर आजच्या नोकरभरतीत सापडत नाही. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी उत्तीर्ण असणे पुरते, तलाठ्याच्या भरतीला पदवी लागते, आणि या दोहोंच्या मधली एक किंवा दोन वर्षांची कला-वाणिज्य शाखेतली अर्हता मागणारी जाहिरात क्वचितच निघते. म्हणजे अभियांत्रिकी पदविकेला जी किंमत आहे, ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षानंतर मिळणाऱ्या पदविकेला नाही, दोघांवर नाव एकच असले तरी. बाहेर पडण्याच्या टप्प्यांना अर्थ येण्यासाठी शासनाने स्वतःच्या सेवाप्रवेश नियमांत त्यांची नोंद घेणे, ही पहिली पायरी ठरली असती. खासगी उद्योगांकडून ती अपेक्षा करण्यापूर्वी सरकारने ती आपल्या घरात पूर्ण केली पाहिजे.

परत येण्यासाठी घातलेली तीन वर्षांची मुदत कोणाच्या आयुष्याचा विचार करून ठरली, हाही प्रश्न विचारावा लागतो. बारावीनंतर एक वर्ष शिकून लग्न झालेल्या मुलीच्या पुढच्या तीन वर्षांत सासर, बाळंतपण आणि लहान मूल एवढे सारे येते. तिला अभ्यासाकडे वळण्याइतकी सवड मिळते ती मूल शाळेत जाऊ लागल्यावर, आणि तोवर मुदत टळलेली असते. घरातला कर्ता गेल्यामुळे नोकरीला लागलेला मुलगा धाकट्या भावंडांचे शिक्षण उरकल्यावरच स्वतःकडे पाहू शकतो. ज्ञान शिळे होऊ नये म्हणून मुदत हवी, हा युक्तिवाद संगणकशास्त्राला काही अंशी लागू पडेल. मराठी साहित्य किंवा इतिहास यांच्या पहिल्या वर्षाच्या श्रेयांकांना तो लावण्याचे कारण दिसत नाही. दुसरीकडे अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो आणि परत आलेल्या विद्यार्थ्याच्या जुन्या विषयांना नव्या आराखड्यात जागा कुठे, हे ठरवण्याचे काम प्रत्येक महाविद्यालयातल्या कार्यालयावर सोडले जाते. खंड पडलेल्या विद्यार्थ्याकडे ‘गॅप सर्टिफिकेट’, म्हणजे मधल्या वर्षांत अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता अशा आशयाचे शपथपत्र, मागितले जाते. राज्याच्या काही शिष्यवृत्ती योजनांत तर शिक्षणातल्या खंडावर मर्यादाही आहे. एका विभागाने खंडाला हक्क मानायचे आणि दुसऱ्याने त्याच खंडाबद्दल विद्यार्थ्याला जाब विचारायचा, ही विसंगती दूर झाल्याशिवाय परतीचा हक्क कागदावरच राहील.

वेळेचा प्रश्न तर याहूनही खोल आहे, कारण लवचिकतेची सारी चर्चा वर्षांच्या मापाने होते आणि कष्टकऱ्यांचे आयुष्य हंगामांच्या मापाने चालते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या कुटुंबातला जो तरुण कोयत्यावर जातो, त्याची पहिल्या सत्राची परीक्षा ऐन तोडीच्या दिवसांत येते आणि दुसरे सत्र जवळजवळ सबंध फडावर जाते. ७५ टक्के हजेरीची अट तो कोणत्याही वर्षी पूर्ण करू शकत नाही. त्याला एक वर्षाने बाहेर पडण्याची मुभा देऊन उपयोग नाही, त्याला हवी आहे ती पावसाळ्यातली सलग पाच महिन्यांची शिकवणी आणि त्याच काळात होणारी परीक्षा. श्रेयांकाची कल्पना मुळात याला अनुकूल आहे, कारण ३० तास जूनमध्ये झाले की डिसेंबरमध्ये, याने श्रेयांकाला फरक पडत नाही. अडते ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या वेळापत्रकापाशी. हेच शहरातल्या पाळीने काम करणाऱ्या कामगाराबद्दल, घरकाम करणाऱ्या मुलीबद्दल, रात्री सुरक्षारक्षक म्हणून उभ्या असलेल्या विद्यार्थ्याबद्दल म्हणता येईल. सिद्धार्थ महाविद्यालयाने १९४६ मध्ये ज्या प्रश्नाला सकाळच्या वर्गांनी उत्तर दिले, त्याच प्रश्नावर आजची विद्यापीठे मोबाइलवरचे चलच्चित्र दाखवून समाधान मानणार असतील, तर मधल्या काळात प्रगती झाली असे म्हणणे कठीण आहे. एकट्याने पडद्यासमोर बसून अभ्यासक्रम पूर्ण करणे बहुसंख्यांना जमत नाही; ज्यांच्या घरात पदवीधर नाही, त्यांना शंका विचारायला माणूस लागतो.

अमेरिकेचा अनुभव इथे सावध करणारा आहे. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या बृहत् आराखड्याने दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांचे दार सर्वांना उघडे ठेवून तिथून राज्याच्या विद्यापीठांत जाण्याची वाट आखून दिली आणि त्या वाटेने कितीतरी गरीब घरांतली मुले पदवीपर्यंत पोचली. तरीही अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दाखवून दिले, की संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक त्या बदलात वाया जातात. श्रेयांक वर्ग करण्याचा नियम असणे आणि नव्या संस्थेने ते पदवीसाठी खरोखर मोजणे, यांत किती अंतर असू शकते, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे संस्था एकमेकींच्या अध्यापनावर विश्वास ठेवायला याहून कमी तयार आहेत. त्यामुळे कोणत्या महाविद्यालयातला कोणता विषय कोणत्या विषयाच्या तोडीचा, याच्या याद्या विद्यापीठांनी आधीच जाहीर केल्या नाहीत, तर श्रेयांकाच्या खात्यात जमा असेल पण ती कुठे चालणार नाही.

लवचिक वाटांचे एक अंग आपल्याकडे अजून जवळजवळ अस्पर्श राहिले आहे, ते म्हणजे वर्गाबाहेर, कामातून मिळालेल्या ज्ञानाला श्रेयांक देणे. याला पूर्वज्ञानाची मान्यता म्हणतात. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानुसार, एखाद्या कामाचा अनुभव असलेली व्यक्ती आपल्या कामाची सविस्तर नोंदवही तयार करून परीक्षक मंडळापुढे उभी राहते आणि मंडळाची खात्री पटली तर तिला पूर्ण पदवीही मिळू शकते. भारताच्या श्रेयांक आराखड्यानेही अनुभवाला श्रेयांक देण्यास जागा ठेवली आहे, पण महाराष्ट्रात त्याचा वापर कसा व्हावा, याचे चित्र अजून स्पष्ट नाही. वीस वर्षे अंगणवाडी चालवणाऱ्या सेविकेला बालविकासाचे आणि बालपोषणाचे जे कळते, ते बी.ए.च्या त्या विषयाच्या पहिल्या वर्षापेक्षा कमी नसते. येवल्याच्या किंवा पैठणच्या पैठणी विणकराला रंग, वीण आणि नक्षीचा हिशेब यांचे जे ज्ञान असते, ते वस्त्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत मिळवायला दोन सत्रे लागतील. या ज्ञानाची परीक्षा लेखी उत्तरपत्रिकेने होणार नाही. त्यासाठी त्या कामातले जाणकार आणि विद्यापीठातले अध्यापक यांचे मिळून मंडळ बसवावे लागेल, ते मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन काम पाहील आणि तोंडी प्रश्न विचारील, आणि कोणत्या ज्ञानाला किती श्रेयांक द्यायचे, याचे कोष्टक आधी छापून सर्वांच्या हाती असावे लागेल. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे अभ्यासकेंद्रांचे जाळे आहे, मराठीत प्रौढांना शिकवण्याचा तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव आहे आणि छोट्या पदविका जोडून पदवी उभारण्याची जुनी परंपराही आहे. त्यामुळे असे पहिले मंडळ अंगणवाडी सेविकांसाठी तिथेच बसवता येईल, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असे दिसत नाही.